कुणीतरी (नंतर)

यादी वरून खाली वाचत तो ‘क’पाशी आला आणि फसकन हसला. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत एरवी कुणी हसत नाही. तिथं पंख्याचा आवाज असतो, खुर्च्यांच्या चाकांचा असतो, कुणाला सर्दी झाली असली तर तिचा असतो. हसण्याची ती जागाच नव्हे. दोन-चार माना वळल्या. पांढऱ्या केसांचा, गळ्यात शिंप्याची टेप तशीच लोंबकळत ठेवून आलेला एक म्हातारा पडद्याकडे बघून हसतो आहे, हे पाहून त्या पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. त्याला त्यांचं भानच नव्हतं. पडद्यावर एका भारदस्त प्राध्यापकाच्या खाली आणि दुसऱ्या भारदस्त प्राध्यापकाच्या वर, तितक्याच भारदस्तपणे, पूर्णविराम जागच्या जागी ठेवून आणि पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात मिरवत एक ओळ बसली होती : कुणीतरी. (नंतर). बघू. हा बारकीचा आवाज होता. जेवायला ये म्हटलं की ‘बघू’. केस किती वाढलेत ते बघ म्हटलं की ‘नंतर’. पोटात दुखतंय तर डॉक्टरकडे कधी जायचं, तर तेही ‘बघू रे बाबा, नंतर’. एवढ्या विद्वानांच्या रांगेत मधेच घुसून ती त्याच्याशी त्याच सुरात बोलली होती. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा पडद्यावरचं सगळं पुसट झालं आणि जरा बरं वाटलं.

बारकी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून ते नाव पडलं, आणि पुढं ती बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी ते कुणी बदललं नाही. विद्यापीठात ती प्रबंध लिहीत होती, आणि विषय काय, तर माणसं वाट कशी बघतात. दवाखान्यांत, कचेऱ्यांत, बसथांब्यांवर जाऊन ती तासन् तास बसायची आणि बसलेल्या माणसांकडे बघत राहायची. पहिल्यांदा तिनं हे सांगितलं तेव्हा तो पोट धरधरून हसला होता. ‘वाट बघण्यात शिकण्यासारखं काय आहे गं? दुकानात येऊन बस, वेळेवर कपडा न मिळालेली गिऱ्हाइकं फुकट दाखवतो.’ ती खरंच आली. शिवणयंत्राच्या बाजूच्या स्टुलावर आठवडाभर बसली, आणि त्याने गिऱ्हाइकाला ‘उद्या नक्की’ म्हणून सांगितलं की मान खाली घालून हसायची. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ‘एका शिंप्याचं दुकान’ म्हणून त्याची सगळी थापेबाजी व्यवस्थित छापून निघणार होती. मग ती पोटाच्या एका साध्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेली. डॉक्टर साधी म्हणाले होते, तीही साधी म्हणाली होती, संध्याकाळी घरी म्हणून जाताना तिनं घरातल्या घरात घालायच्या चपलाच पायात सरकवल्या होत्या. भुलीतून ती जागीच झाली नाही. का झाली नाही ते पुढं डॉक्टरांनी दोन-तीन वेळा समजावून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्याने मान हलवली. पण त्याला त्यातलं एक अक्षर आठवत नाही, डॉक्टरांच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलं होतं एवढंच आठवतं.

दिवस गेले, आणि एका सकाळी तिचे मार्गदर्शक सर घरी आले. सर जाडजूड, बोलायला तुटक. पुस्तकांत जन्म गेलेला माणूस असल्या वेळी जसा अवघडून बसतो तसे खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, प्रबंध लिहून झालाय. सगळा. राहिलेत ते फक्त संदर्भ. ते मुदतीत लावून दिले की मरणोत्तर पदवी देता येते, मी विद्यापीठाशी बोललोय. कुणाचं वाक्य कुठून घेतलं, कुठल्या पुस्तकातून, कुठल्या सालचं, हे प्रबंधात जिथल्या तिथं द्यावं लागतं आणि शेवटी त्याची यादी लावावी लागते. बारकीचं ते काम एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. पण विद्यापीठाने त्याची वर्गणी भरणं बंद केलं आणि सगळं होतं तिथं गोठलं. आता दुसरं कुठलं तरी निवडायचं, त्यात ते सगळं न्यायचं, तपासायचं. ‘माझ्या एखाद्या विद्यार्थ्याला सांगतो,’ सर म्हणाले. ‘नको,’ तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की सर दचकले, बारकीची आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली, आणि तो स्वतःसुद्धा जरा गडबडला. ‘मी करतो. मला शिकवा.’ संगणकाला त्याने तोवर हात लावला नव्हता. पण तिच्या अर्धवट राहिलेल्या कामात परक्या माणसाची बोटं फिरणार, हे काही त्याच्याच्याने सहन होणार नव्हतं.

तेव्हापासून तो सकाळी दुकान उघडायचा आणि दुपारी बारकीचा लॅपटॉप पिशवीत घालून विद्यापीठात यायचा. ग्रंथालयातल्या एक बाई संशोधन करणाऱ्या मुलांना संदर्भांची सॉफ्टवेअरं शिकवायच्या. चाळिशीच्या पुढच्या, आवाज मृदू, पण चूक दिसली की लगेच सांगणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन सॉफ्टवेअरांची तुलना केली : एक फुकट, पण सगळी माहिती दूर कुठंतरी कंपनीकडे साठवणारं आणि जागा भरली की पैसे मागणारं; दुसरं आपल्याच यंत्रात सगळं ठेवणारं, दिसायला देखणं, पण आपल्या लिपीतली नावं लावताना गोंधळणारं; तिसरं ओबडधोबड, पण सांगाल ते ऐकणारं. शंका विचारा म्हटल्यावर त्याने हात वर केला. ‘यातलं टिकाऊ कुठलं?’ मुलं हसली. कापड दाखवा म्हणावं तसाच सूर होता त्याचा. बाई हसल्या नाहीत. ‘काका, टिकाऊ यातलं काहीच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आपला माल ज्यातून सुखरूप बाहेर काढता येतो ते घ्यायचं. उद्या ते बंद पडलं तरी आपण अडकत नाही.’ हे त्याला फार पटलं. घरी जाऊन त्याने ते बारकीच्या आईला सांगितलंही. ती कणीक मळत होती; मळता मळता थांबली, आणि पुन्हा मळायला लागली.

पहिलं घेतलं तेव्हा एक गंमत झाली. म्हणजे नंतर बाईंनी गंमत म्हणून सांगितली. तेव्हा दोघांपैकी कुणालाच ती गंमत वाटली नव्हती. नावं तपासता तपासता त्याच्या लक्षात आलं की यातले बरेच लेखक आता हयात नसणार. कुणाच्या पुस्तकावर मागे जन्ममृत्यूची सालं दिली होती, कुणाचा फोटोच इतका जुना की विचारायलाच नको. त्याला ते बरं दिसेना. मेलेल्या माणसाचं नाव नुसतं घ्यायचं? त्याने एकेकाची चौकशी केली, सापडेल तिथं शोधलं, आणि जो जो गेलेला निघाला त्याच्या नावाआधी मन लावून ‘कै.’ लिहिलं. दोन बोटांनी टंकायचं, त्यामुळे या कामात त्याचे कितीतरी दिवस गेले. मग बटण दाबून यादी लावायला सांगितली तर त्या शहाण्या सॉफ्टवेअरने सगळे मेलेले लेखक उचलून ‘क’खाली एकत्र आणून बसवले. अ पासून ह पर्यंतच्या जागा ओस पडल्या आणि ‘क’मध्ये ही गर्दी. बाई मागून आल्या, वाकून बघितलं, आणि यादी वरून खाली सरकवली. ‘काका,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘संदर्भांत कै. लावत नाहीत.’ ‘का?’ ‘इथं गेलेला आणि असलेला असा फरक करत नाहीत. जो लिहून गेला तो अजून म्हणतोच आहे असं धरतात. आपण असंच लिहितो ना, अमुक म्हणतात, तमुक मांडतात. म्हणाले असं सहसा लिहीत नाही.’ त्याने मान हलवली आणि एकेक करून सगळे ‘कै.’ खोडायला घेतले. एकेक माणूस ‘क’मधून उठायचा आणि आपल्या जुन्या जागी जाऊन बसायचा, बाकीचे सरकून त्याला जागा द्यायचे. त्या दुपारी त्याला काय झालं होतं ते सांगता येत नाही. एकदा खोडलेलं ‘कै.’ त्याने परत लावलं आणि परत खोडलं, नुसता तो माणूस उठताना दिसावा म्हणून.

तिथंच खरं तर पाणी मुरायला लागलं. प्रबंध उघडला की तो जिवंत असायचा. मधे कुठं एक नाव घातलं की शेवटची यादी आपण होऊन हलायची. एकाच लेखकाची एकाच सालची दोन पुस्तकं आली की एक ‘अ’ व्हायचं आणि दुसरं ‘ब’. कुठं काही काढलं की बाकीचं सगळं जवळ जवळ यायचं. लिहिणारी नव्हती, पण लिखाण अजून चाललेलं होतं. यादी तपासून झाली तेव्हा त्याने बाईंना सांगितलं की हे सॉफ्टवेअर काही बरोबर नाही, आडनावं आणि नावं उलटसुलट करतं. दोन-चार ठिकाणी केलीही होती, नाही असं नाही. मग सगळं उचलून दुसऱ्यात नेलं. नेलं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून एकेक नोंद तपासणं आलं. तेही संपत आलं, तेव्हा या दुसऱ्याने ‘आ’ला ‘अ’च्या आधी नेऊन बसवलं. बाई म्हणाल्या एक खूण बदलली की ते दुरुस्त होतं. तो म्हणाला, नको, असल्यावर माझा विश्वास नाही, तिसरं बघू. तिसऱ्यातही तो महिनाभर रमला. दुकानात गिऱ्हाईक ‘कधी देताय’ म्हणून तगादा लावायचं आणि त्याला ‘उद्या नक्की’ म्हणताना लाज वाटायची. कारण आता कामं खरोखरच मागे पडत होती, आणि दुपार झाली की हातातला कपडा तसाच टाकून तो पिशवी उचलायचा.

हे सगळं बारकीच्या आईच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. ती एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. आल्या-गेल्या कागदांवर तिचं लक्ष असायचं आणि माणसांवरही. मागच्या आठवड्यात जेवताना त्याने सहज विषय काढल्यासारखं केलं. ‘बाई म्हणत होत्या आणखी एक सॉफ्टवेअर आलंय नवीन.’ तिनं ताटातून मान वर केली नाही. ‘कोण म्हणत होतं?’ ‘म्हणजे, मुलं म्हणत होती.’ ‘तुम्हाला ते संपवायचंच नाहीये,’ ती म्हणाली. ‘मला काय कळत नाही? तुम्ही रोज उठून तिच्याकडे जाऊन येता. आणि मी इथं भांडी घासत बसते.’ त्याला राग आला. इतका की ताट सरकवून तो उठला. मुदत कुणाला पाळायची आहे, एवढ्या नोंदी कोण तपासतंय, हे असं असतं तसं असतं, असं बरंच काही तो गॅलरीतल्या कठड्याला धरून मनातल्या मनात बोलला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होतं. मोटार जागेवर लागली तरी तो माणूस हात हलवतच होता. आत ती ताटं उचलत होती. बारकी गेल्यापासून या घरात दोघं एकमेकांना धक्का लागू नये असे वावरत होते. एक खोलीत आला की दुसऱ्याला काहीतरी काम आठवायचं. मग राग उतरला आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. बारकीची आई म्हणाली ते शब्दन् शब्द खरं होतं. प्रबंध दिला की बारकीचं म्हणून काही करायचं राहणारच नव्हतं. कुणी विचारलं, काय चाललंय, तर सांगायला काही नाही. मुलगी एकदा गेली होती. आता ही दुसऱ्यांदा जाणार, आणि ती जाण्याचं बटण याच्या हाताखाली.

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. सरांनी दोनदा वाढवून घेतली होती, आता तिसऱ्यांदा होणार नव्हती. संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत प्रबंध गेला नाही तर तिची नोंदणीच रद्द होणार होती. म्हणून तर तो सकाळीच आला, टेप गळ्यात ठेवून. आणि म्हणूनच या तिसऱ्यातली यादी पहिल्यांदाच त्याने नुसती चाळली नाही, तर ओळीला बोट लावून वाचली. आधीच्या दोन सॉफ्टवेअरांनी ही ओळ अपुरी माहिती म्हणून गाळून टाकली होती. या तिसऱ्या ओबडधोबडाने मात्र दिलं ते निमूट मांडलं होतं. त्याने बाईंना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि त्यांच्याही चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. ‘हे सगळेच करतात काका. लिहिण्याच्या भरात असताना एखादं वाक्य येतं, कुठंतरी वाचलंय असं वाटतं, पण कुठं ते आठवत नाही. शोधत बसलं तर लिखाण तुटतं. मग काहीतरी खोटं नाव टाकून पुढं जायचं, नंतर खरं शोधायचं. कुणी अबक टाकतं, कुणी फुल्या मारतं. हिनं कुणीतरी टाकलंय.’ ‘मग आता?’ ‘आता तो कुणीतरी शोधायला हवा.’

त्या नोंदीवरून बाईंनी प्रबंधातली जागा काढली. शेवटचं प्रकरण, शेवटून दुसरं पान. वाक्य असं होतं : वाट पाहणाऱ्या माणसाला आपला नंबर लवकर लागावा असं वाटतं, हे अर्धंच खरं आहे, आपण वाट पाहतो आहोत हे कुणाच्या तरी डोळ्यांना दिसावं, ही त्याची खरी गरज असते. आणि पुढं कंसात कुणीतरी, नंतर. त्याने ते एकदा वाचलं आणि पुन्हा वाचायची त्याची हिंमत झाली नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचा तो लांबलचक बाक त्याला आठवला. हिरवट भिंत, फिनेलचा वास. येणारेजाणारे सगळे हातातल्या कागदांकडे बघत जात होते. एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत तिसऱ्यांदा समोरून गेला, तेव्हा आपण काहीतरी विचारलं पाहिजे असं त्याला वाटलं होतं. माहिती अशी काही नको होती. नुसतं, ‘किती वेळ लागतो हो?’ एवढंच, म्हणजे तो मान वळवेल. वॉर्डबॉयनं मान वळवली नाही. त्याचंही बरोबर होतं, त्याचं ते रोजचं काम. पण ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी आहे असं त्याला तोवर वाटलंच नव्हतं, आणि इथं त्याच्या मुलीनं ती आधीच लिहून ठेवली होती. त्या बाकावर बसायच्या कितीतरी आधी.

बाईंनी फोन केला तसे सर खाली आले. त्यांनी वाक्य वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, दोन-तीन नावं घेतली, मग स्वतःच ‘छे’ म्हणून ती सोडून दिली. ‘काढून टाका,’ ते म्हणाले. ‘एका वाक्यानं प्रबंधाचं काही बिघडत नाही. संदर्भाशिवाय ठेवलं आणि उद्या कुणाचं तरी निघालं, तर चोरी म्हणतील. गेलेल्या पोरीवर तो ठपका नको.’ ‘नाही काढायचं,’ तो म्हणाला. ‘अहो, वेळ बघा जरा.’ ‘सर, तुम्ही तिचं कुठलंही पान काढा. तो शिंप्याचा भाग काढा सगळा, मी काही म्हणत नाही. हे वाक्य नाही काढायचं.’ आपला आवाज चढलाय हे त्याला उशिरा कळलं. सरांनी घड्याळाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, मी शोधते. आणि त्यांनी मग ती दुपार त्या एका वाक्यावर लावली. बारकीनं जमवलेल्या नोंदींतली पुस्तकं एकेक करून चाळली. संगणकात वाक्याचे तुकडे करून घातले, शब्द बदलून घातले, दुसऱ्या भाषांत करून घातले. दुसऱ्या विद्यापीठातल्या ओळखीच्या दोन ग्रंथपालांना फोन लावले. जवळपास जाणारं पुष्कळ सापडलं. वाट बघणाऱ्यांना कसं कमी लेखतात त्याबद्दल होतं, वेळ कसा लांबतो त्याबद्दल होतं, सत्ता असणारा कसा ताटकळत ठेवतो त्याबद्दल तर ढीगभर होतं. हे मात्र कुठंच नव्हतं. तो शेजारच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मधेच बाई त्याच्याकडे बघायच्या आणि पुन्हा पडद्याकडे वळायच्या. त्यांनी चहा मागवला, तो गार झाला, त्यांनी पुन्हा मागवला.

शेवटी त्यांनी खुर्ची मागे सरकवली. ‘नाही मिळत, काका.’ त्याचा चेहरा पडला असावा, कारण त्या घाईघाईने पुढं म्हणाल्या, ‘म्हणजे मला वाटतं, मिळणारच नाही. हे कुणी म्हटलेलंच नाही. हे तिचं आहे.’ सर दोन्ही हात टेबलावर टेकून उभे होते. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवत. ‘खरंय,’ ते म्हणाले. ‘इतकं बरं वाक्य आपलं कसं असेल, असं वाटलं असणार तिला. पोरांना वाटतं तसं.’ मग चष्मा पुसत, कुणाकडेच न बघता म्हणाले, ‘पोरांनाच कशाला. मला चाळीस वर्षं तेच वाटत आलंय.’ पंखा फिरत होता. त्याच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी उठल्या, आणि दोन्ही इतक्या जोरात की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. एक म्हणजे, आपल्या पोरीनं असं काहीतरी म्हटलंय की जे जगात आधी कुणी म्हटलेलं सापडत नाही. ज्या पोरीला आपण दोन वेण्या घालून शाळेत सोडलं, तिनं. अभिमानानं त्याची छाती भरून आली. आणि दुसरी म्हणजे, हे तिला कधी कळणार नाही. ती कुठल्याशा मोठ्या माणसाचं देणं लागते असं समजून गेली. कुणीतरी तिला सांगायला हवं होतं. घरी जाऊन, दारातूनच ओरडून सांगायला हवं होतं की बारके, ते तुझंच आहे गं. तो तसाच बसून राहिला आणि त्याचे डोळे वाहायला लागले. आणि या वेळी त्याने चष्मा काढला नाही.

बाईंनी माउस त्याच्याकडे सरकवला. त्याने कंस खोडला. वाक्यापुढं नुसता पूर्णविराम राहिला. मागे यादीतली ती ओळ नाहीशी झाली आणि खालचा प्राध्यापक वरच्याला येऊन मिळाला. आता एकच काम राहिलं होतं. प्रबंध द्यायच्या आधी लिखाणाचा सॉफ्टवेअरशी असलेला धागा तोडावा लागतो. मग कंसातली नावं आणि शेवटची यादी म्हणजे साधी अक्षरं होतात, परत हलत नाहीत. बाईंनी हे त्याला पहिल्या महिन्यातच समजावलं होतं, आणि त्याला ते लगेच समजलंही होतं. कच्चा टाका आणि पक्की शिवण. कच्च्या टाक्यावर असेपर्यंत कपडा कितीदाही उसवता येतो, बाही काढून बाही लावता येते. पण कच्च्या टाक्यावरचा कपडा कुणाला घालायला देता येत नाही. गिऱ्हाइकाला तो रोज हे सांगत आला होता. पडद्यावर प्रश्न आला : हा बदल मागे घेता येणार नाही, पुढं जायचं का? बाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. सर खिडकीपाशी गेले. त्याने थोडा वेळ त्या प्रश्नाकडे बघितलं. मग ‘हो’वर दाबलं. काही आवाज झाला नाही. सर प्रबंध पेनड्राइव्हवर घेऊन, आपल्या वयाला न शोभेलशा लगबगीने, जिना चढून कचेरीकडे गेले, आणि थोड्या वेळाने वरून त्यांनी बाईंना फोन करून सांगितलं की घेतला.

बाहेर पायऱ्यांवर येऊन त्याने घरी फोन लावला. ऊन उतरलं होतं. मुलं सायकली काढत होती. पलीकडून ‘हं’ आलं. ती आजकाल फोनवर एवढंच म्हणायची.

‘दिला,’ तो म्हणाला. ‘दिला गं एकदाचा.’

‘बरं झालं.’

‘एक वाक्य होतं तिचं. कुणाचं ते मिळेना. सर काढा म्हणत होते. मग कळलं, ते तिचंच.’ हे सांगताना त्याची धांदल उडाली, मागचं पुढं झालं, बाईंनी किती शोधलं ते सांगायचं राहून गेलं. ‘वाचू का?’

‘वाचा.’

लॅपटॉप पिशवीत होता, पण तो काढावा लागला नाही. वाक्य त्याला पाठ झालं होतं. त्याने ते सावकाश म्हटलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आणि गॅस बंद करायला ती उठली नाही हे त्याला ऐकू आलं.

‘पुन्हा म्हणा.’

त्याने पुन्हा म्हटलं.

‘त्या दिवशी,’ ती म्हणाली, आणि थांबली. ‘त्या दिवशी बाकावर आपण शेजारी शेजारी बसलो होतो हो. मी नुसती दाराकडे बघत होते. तुमच्याकडे एकदा म्हणून बघितलं नाही.’

एक मुलगी सायकलची किल्ली खुळखुळवत पायऱ्यांवरून खाली गेली आणि तिला वाट द्यायला त्याला थोडं सरकावं लागलं.

‘मीसुद्धा नाही बघितलं तुझ्याकडे,’ तो म्हणाला.

‘निघा तुम्ही,’ ती म्हणाली. ‘मी दारात उभी राहते.’